गुंतवणुकीची मालमत्ता घेताना भाव कसा करावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाव करण्याबद्दल सल्ला मागणाऱ्यांचा प्रश्न बहुतेक वेळा "मालकासमोर काय बोलू?" असा असतो. उत्तर मात्र बोलण्याआधी वहीत काय मांडले होते, तिथे सापडते. म्हणून खाली आकडेमोड थोडी जास्त आहे. सगळ्या उदाहरणांत मालकाने मागितलेली किंमत १०० धरली आहे. आपापल्या चलनात ती बदलून घ्यावी.

राहायचे घर घेताना आणि गुंतवणुकीसाठी जागा घेताना भाव करण्यात फरक काय?

राहायचे घर मनात भरते. सकाळचा उजेड, आईवडिलांना सोपा पडणारा जिना, मुलांची शाळा या गोष्टींचा भाव काढता येत नाही, म्हणून माणूस थोडे जास्त मोजतो आणि त्यात फारसे वावगे नाही. गुंतवणुकीत तुम्ही विकत घेता पुढच्या काही वर्षांचे भाडे आणि कधीतरी विकल्यावर येणारी रक्कम. भाड्यावर तुमचे नियंत्रण मर्यादित, आणि पुढच्या विक्रीकिमतीवर जवळजवळ नाहीच. खरेदीची किंमत तेवढी आज, तुमच्यासमोर ठरते. नफ्याचा जो भाग खरोखर तुमच्या हातात आहे तो इथेच आहे, आणि नेमका इथेच लोक "होऊन जाऊ दे" म्हणतात.

जास्तीत जास्त किती द्यायचे, हे कसे ठरवायचे?

मागितलेल्या किमतीपासून खाली उतरू नका, भाड्यापासून वर चढा. समजा, महिन्याचे भाडे ०.६ आहे, म्हणजे वर्षाचे ७.२. वर्षातून एक महिना जागा रिकामी राहील असे धरा, उरले ६.६. कर, विमा, देखभाल, जागेची व्यवस्था पाहणाऱ्याचा मेहनताना आणि काही वर्षांनी निघणारी मोठी दुरुस्ती, यांसाठी १.६ बाजूला काढा. हातात निव्वळ ५ राहतात. १०० ला घेतली तर परतावा ५ टक्के. तुम्हाला ५.५ टक्के हवा असेल, तर ५ ला ०.०५५ ने भागा: सुमारे ९१. पण हे ९१ सगळा खर्च धरून. ताबा मिळताच करावी लागणारी दुरुस्ती २, नोंदणी-वकील-कर वगैरे ३. हे वजा केले की ८६ उरतात. ही तुमची कमाल किंमत.

१०० मागणारा ८६ ला देईल का? कदाचित नाही देणार. मग ती जागा तुमच्या कामाची नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो अपमान नाही आणि अपयशही नाही.

हा आकडा लिहून ठेवा, खाली तारीख घाला. बोलणी सुरू झाल्यावर तो बदलायचा असेल तर नवी माहिती हवी: शेजारच्या तशाच जागेला जास्त भाडे मिळते असे कळले, किंवा छताचे काम नुकतेच झाल्याची बिले दिसली. "एवढे पुढे आलोच आहोत, तर आता थोड्यासाठी कशाला" ही नवी माहिती नव्हे. माझ्या पाहण्यात बहुतेक महागडे सौदे या एका वाक्यावर झाले आहेत.

कर्ज काढून घ्यायची आहे. मग भावातल्या थोड्या फरकाने काय बिघडते?

उलट तेव्हाच जास्त बिघडते. निव्वळ परतावा ५ टक्के आणि कर्जाचा व्याजदर ८ टक्के असेल, तर उसन्या घेतलेल्या प्रत्येक १०० मागे वर्षाला ३ तुमच्या खिशातून जातात. ही तूट भरून निघण्यासाठी जागेची किंमत वाढलीच पाहिजे, अशी सक्ती तुम्ही स्वतःवर ओढवून घेता. "हप्ता थोडासाच वाढतो" हे एजंटचे लाडके वाक्य आहे. हप्ता थोडा वाढतो हे खरेच; तो किती वर्षे वाढलेला राहतो ते विचारा.

मालकाने जाहिरातीत किंमत लिहिलेलीच असते. पहिला आकडा त्याचाच झाला, मग आपण काय करायचे?

त्या आकड्याची ताकद कमी लेखू नका. समोर आलेला पहिला आकडा पुढच्या सगळ्या अंदाजांना स्वतःकडे खेचतो, हे एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन यांनी १९७४ साली मांडले. १९८७ मध्ये ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील या संशोधकांनी अमेरिकेतल्या टूसॉन शहरात ते खऱ्याखुऱ्या घरावर तपासले. विद्यार्थी आणि व्यावसायिक एजंट, दोघांनाही एकच घर दाखवले, माहितीची तीच कागदपत्रे दिली. फक्त मागितलेली किंमत वेगवेगळ्या गटांना वेगवेगळी सांगितली. ज्यांना मोठा आकडा मिळाला त्यांनी घराचे मूल्य जास्त ठरवले, छोटा मिळाला त्यांनी कमी. एजंटही त्यातून सुटले नाहीत. गंमत अशी की, मागितलेली किंमत आपण विचारात घेतली हे कबूल करणारे विद्यार्थ्यांत जास्त होते, एजंटांत कमी.

उपाय साधा आहे: आधी भाड्याची आणि आसपासच्या विक्रीची माहिती काढा, आपला आकडा लिहा आणि मगच मागितलेली किंमत पाहा. जाहिरातीत ती आधीच दिसते, हे मान्य. मग घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी फक्त भाडे, क्षेत्रफळ आणि खर्च देऊन हिशोब करायला सांगा. दोन आकड्यांत तफावत आली, तर तुमचा आकडा मालकाने ओढला आहे.

पहिला देकार किती खाली द्यावा?

कारण सांगता येईल इतका खाली. "मागितल्याच्या वीस टक्के कमी" असा सरसकट नियम वापरणाऱ्याला बाजार ओळखता येत नाही. एखादा मालक आधीच वाजवी किंमत सांगतो, तर एखादा दीडपट. वरच्या उदाहरणात कमाल ८६ असेल, तर ७९-८० च्या आसपास सुरुवात करता येईल. त्यासोबत अर्ध्या पानाचा हिशोब द्यावा: भाडे इतके, खर्च इतका, दुरुस्ती इतकी. मालकाला हिशोब पटला नाही तरी समोरचा माणूस उगाच पाडून मागत नाही, एवढे तरी त्याला कळते. हिशोब देताना आपली कमाल किंमत त्यातून उघडी पडणार नाही, याची मात्र काळजी घ्या. खर्चाचे आकडे दाखवा. अपेक्षित परतावा दाखवायची गरज नाही.

८० म्हणावे की ७९.४?

७९.४. गोल आकडा अंदाजाने फेकल्यासारखा वाटतो, नेमका आकडा मोजून काढल्यासारखा. ख्रिस जानिशेव्स्की आणि डॅन उय यांच्या २००८ च्या अभ्यासात फ्लोरिडातल्या घरविक्रीच्या नोंदीही पाहिल्या होत्या: मागितलेली किंमत जितकी नेमकी, तितकी अंतिम किंमत तिच्या जवळ राहिली. हे विकणाऱ्याच्या बाजूने झाले, पण घेणाऱ्यालाही ते शस्त्र वापरता येते. फक्त तो ०.४ कुठून आला असे विचारले तर सांगता आले पाहिजे.

आपली किंमत सांगितल्यावर मालक गप्प बसतो. मग काय बोलावे?

काहीच बोलू नका. त्या शांततेत बहुतेक लोक घाबरून आपणच स्वतःचा भाव वाढवतात.

एजंट आपल्या बाजूने भाव करेल का?

त्याचे गणित पाहा. १०० ऐवजी ९५ ला व्यवहार झाला तर तुमचे ५ वाचतात. टक्केवारीने मिळणारी दलाली असेल तर त्याची किंचित घटते. व्यवहारच लांबला तर मात्र त्याचे सगळेच लांबते. म्हणून त्याचा कल "लवकर व्हावे" याकडे असतो, आणि यात लबाडी असलीच पाहिजे असे नाही. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सायव्हरसन यांनी शिकागो परिसरातल्या सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास केला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एजंटांनी स्वतःच्या मालकीची घरे विकली तेव्हा ती सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवली आणि तशाच इतर घरांपेक्षा सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत मिळवली. धीर धरण्याचा फायदा त्यांना पुरता ठाऊक होता. गिऱ्हाइकाच्या घरासाठी तो धरण्याचे कारण नव्हते.

तेव्हा एजंटशी गोड राहा, त्याच्याकडून माहिती भरपूर घ्या: मालक का विकतोय, याआधी कुणाशी बोलणे मोडले, कशावरून मोडले. तुमची कमाल किंमत मात्र त्याला सांगू नका. "शेवटचे किती, मला सांगून ठेवा, मी बघतो" असे तो नक्की म्हणेल. तुम्ही म्हणावे, "शेवटचे अजून मलाच ठरवायचे आहे, तुम्ही आधी हा आकडा कळवा."

मालक बाजारभाव मान्यच करत नाही. हट्टीपणा आहे की काही डाव?

बहुधा दोन्ही नाही. त्याने जागा कधी आणि कितीला घेतली ते शोधा, अर्धे उत्तर तिथे आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये सदनिकांचे भाव पडले, तेव्हाच्या नोंदी डेव्हिड जेनेसोव्ह आणि क्रिस्टोफर मेयर यांनी तपासल्या. आपल्या खरेदीकिमतीपेक्षा कमी भाव येणार अशी ज्यांची स्थिती होती, ते मालक इतरांपेक्षा चढी किंमत मागत होते: अपेक्षित तोट्याच्या २५ ते ३५ टक्के इतकी जास्त. विक्री झालीच तर त्यांना किंमतही थोडी जास्त मिळत होती, पण त्यांच्या जागा विकल्या जाण्याचा वेग बराच मंद होता. राहणाऱ्या मालकांत ही ओढ गुंतवणूकदारांपेक्षा सुमारे दुप्पट होती.

यातून काम चालवण्यासारखे दोन-तीन मुद्दे निघतात. तोट्यात विकणाऱ्या मालकाशी वाद घालून उपयोग नाही. बाजार पडलाय हे त्याला माहीत आहे. त्याला ते स्वतःच्या तोंडाने मान्य करायचे नाही. त्याला वेळ द्यावा लागतो, आणि तुम्ही निघून गेलात तरी तो वेळ फुकट जात नाही, तो तुमच्यासाठी काम करत राहतो. दुसरे, वारसाहक्काने जागा मिळालेले भाऊबहीण किंवा फार पूर्वी स्वस्तात घेतलेला मालक जास्त मोकळेपणाने बोलतो, कारण कुठल्याही आकड्याला त्याचा तोटा होत नाही. (भाऊबहिणींत एकमत होणे हा वेगळा विषय, तिथे सर्वांच्या सह्यांची खात्री आधी, भाव नंतर.) आणि गुंतवणूकदाराकडून गुंतवणुकीची जागा घेत असाल, तर हिशोबाची भाषा सर्वांत लवकर चालते.

जाहिरात बरेच महिने चालू आहे. हा फायदा की धोक्याची खूण?

आधी धोक्याची खूण समजा. इतक्या लोकांनी पाहून सोडली, तर का सोडली? कागदपत्रांत अडचण, पाण्याची गळती, शेजाऱ्याशी वाद, न निघणारा भाडेकरू, काहीही असू शकते. हे सगळे तपासून कारण "किंमत जास्त होती" एवढेच निघाले, तर मग तो फायदा. पहिल्या आठवड्यातला मालक आणि सहाव्या महिन्यातला मालक यांच्या बोलण्यात फरक असतोच.

दोष दाखवून भाव पाडावा का?

दोष दाखवा, जागेला नावे ठेवू नका. "काय ही अवस्था करून ठेवलीत" म्हणणाऱ्याला कुणी एक पैसा कमी करत नाही. "स्वयंपाकघराच्या भिंतीत ओल आहे, दोन कारागिरांकडून खर्चाचा अंदाज घेतलाय, हे कागद" म्हणणाऱ्याशी मालकाला आकड्यावर बोलावे लागते. शिवाय खरा दोष आणि आवडीनिवडीचा भाग वेगळा ठेवा. फरशीचा रंग हा दोष नाही. तो यादीत घातलात की खरी ओलही किरकोळ वाटू लागते.

किती काळ थांबावे?

धीराचा बडेजाव करणाऱ्यांना हा प्रश्न आवडत नाही, कारण थांबणे फुकट नसते. वरच्याच उदाहरणात निव्वळ उत्पन्न वर्षाला ५ आहे. सहा महिने थांबलात तर २.५ हुकले. त्याच काळात तुमचे ८६ ठेवीत ४ टक्क्यांनी पडून होते, त्याचे सुमारे १.७ मिळाले. म्हणजे सहा महिन्यांच्या धीराची किंमत ०.८. थांबून भाव ३ ने उतरला तर उत्तम. नुसत्या ०.५ ने उतरला तर तुम्ही तोट्यात आहात, जिंकल्याचा आनंद कितीही झालेला असो. पैसे ठेवीत नसून नुसते पडून असतील, तर हा हिशोब आणखी कडक होतो. आणि बाजार चढत असेल, तर थांबण्याचा खर्च यापेक्षा कितीतरी जास्त.

म्हणून एकाच जागेवर डोळा लावून बसणे म्हणजे धीर नव्हे. तीन-चार जागांवर समांतर बोलणी चालू असली की थांबणे आपोआप जमते. कुठेतरी उत्तर येणारच असते. ज्याच्याकडे दुसरी जागा नाही, त्याच्या आवाजात ते ऐकू येते.

"उद्या दुसरी पार्टी इसार देणार आहे" असे सांगितले तर?

खरेही असू शकते, खोटेही. तुमच्यासाठी फरक पडत नाही, कारण दुसरी पार्टी आल्याने भाडे वाढत नाही. तुमचा सध्याचा देकार कमाल किमतीपेक्षा खाली असेल आणि जागा मनापासून हवी असेल, तर एकदा वाढवा, तेही कमाल ओलांडू न देता. नसेल तर "त्यांना द्या, नाही जमले तर मला फोन करा" म्हणा आणि खरोखर निघा. असे फोन येतात.

प्रत्येक वेळी किती वाढवावे?

पाऊल दर वेळी लहान करा. ७९.४ वरून ८२.५, मग ८४, मग ८४.६. पावले आखडत गेली की समोरच्याला तळ जवळ आल्याचे कळते, शब्दांत सांगावे लागत नाही. प्रत्येक वेळी तीन-तीनने चढलात, तर तो चौथ्या तीनची वाट पाहणार. आणि मालकाने आपला आकडा हलवल्याशिवाय दुसऱ्यांदा वाढवू नका. तसे केल्यास तुम्ही स्वतःशीच भाव करत आहात.

किंमत जराही हलत नसेल, तर आणखी काय मागता येते?

बरेच. पैसे भरायला जास्त मुदत, ताब्याची तारीख, दुरुस्ती विक्रीआधी करून देणे, आतले फर्निचर आणि उपकरणे, थकलेले कर आणि बिले पूर्ण चुकती करणे. मालकाची अडचण वेळेची असेल तर उलटही चालते: त्याला नव्या घरात जायला तीन महिने हवे असतील, तर ते द्या आणि बदल्यात किंमत मागा. किंमत मोठी दिसावी हीच त्याची हौस असेल, तर ती मोठी राहू द्या आणि बाकीच्या अटींतून वसूल करा. फक्त तो हिशोबही कमाल किमतीच्या त्याच कागदावर मांडा. वापरलेले सोफे ही सवलत नव्हे, बऱ्याचदा ती हलवण्याची मजुरी असते.

आत भाडेकरू आहे. भावावर परिणाम होतो का?

होतो, आणि दोन्ही दिशांनी. वेळेवर भाडे देणारा भाडेकरू म्हणजे पहिल्या दिवसापासून उत्पन्न. पण करार वाचल्याशिवाय आणि भाडे जमा झाल्याच्या बँकेतल्या नोंदी पाहिल्याशिवाय मालकाने तोंडी सांगितलेले भाडे हिशोबात घेऊ नका. विक्रीपूर्वी ओळखीच्या माणसाला चढ्या भाड्याने आणून बसवण्याचा प्रकार जगात सगळीकडे चालतो. भाडे बाजारापेक्षा बरेच कमी असेल आणि करार लांबचा असेल, तर तितकी वर्षे तुमचा परतावा कमी राहणार. भावात ते उतरले पाहिजे. भाडेकरूची अनामत रक्कम कोणाकडे आहे आणि ती तुमच्याकडे कशी येणार, हे विसरणारे बरेच असतात.

लिलावात धीर कसा ठेवायचा?

लिलावात भाव करणे नसतेच, फक्त थांबणे असते. तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करून केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन अभियंत्यांनी १९७१ मध्ये दाखवले होते की, ज्याचा अंदाज सगळ्यांत फुगलेला तोच जिंकतो आणि पुढे पस्तावतो. बोली लावणारे जितके जास्त, तितकी आपली मर्यादा थोडी खाली ठेवावी; मनाचा ओढा नेमका उलटा असतो.

जागा पाहायला गेल्यावर घरचे लोक आनंद लपवत नाहीत. काय करावे?

पहिल्या भेटीला एकटे जा. दुसऱ्या भेटीला सगळे आले तरी पडदे कुठले लावायचे याची चर्चा रस्त्यावर आल्यावर.

भाव ठरल्यावर शेवटच्या क्षणी पुन्हा कमी करून मागावे का?

तपासणीत नवे काही निघाले तर जरूर, आणि तितकेच. पाडून मागण्यासाठीच आधी होकार द्यायचा आणि सह्यांच्या आदल्या दिवशी अडून बसायचे, ही चाल काही वेळा चालतेही. पण एका भागात गुंतवणूक करणाऱ्याला तेच एजंट, तेच वकील आणि बऱ्याचदा तेच मालक पुन्हा भेटतात. तुमचा होकार होकार नसतो हे एकदा पसरले, की पुढच्या चांगल्या जागेचा फोन दुसऱ्याला जातो. मला ही चाल नैतिकदृष्ट्याही पटत नाही, पण ज्यांना नैतिकतेचे वावडे आहे त्यांच्यासाठी हिशोबाचे कारण आधी दिले.

बोलणी मोडली. पुन्हा संपर्क करणे कमीपणाचे नाही का?

नाही. मोडतानाच दार उघडे ठेवा: "आमच्या हिशोबात ८४.६ च्या वर बसत नाही. जागा चांगली आहे, तुम्हाला जास्त मिळाले तर आनंदच." महिन्या-दीड महिन्याने एक छोटा निरोप पाठवा: जागा अजून आहे का, आमचा देकार तोच आहे. त्यात "बघा, म्हटलं होतं ना" असा सूर नको. दरम्यान मालकाने दुसऱ्या कुणाशी बोलून पाहिलेले असते, एखादी बोलणी फिसकटलेली असते, आणि तुमचा जुना आकडा त्याला पहिल्यासारखा बोचत नाही. भाडे किंवा व्याजदर बदलले असतील तर देकार तोच ठेवण्याआधी हिशोब नव्याने करा. तो खालीही येऊ शकतो.

तोंडी भाव ठरला. लगेच काय करावे?

त्याच दिवशी सगळे लेखी पाठवा: किंमत, इसाराची रक्कम, पुढचे पैसे कोणत्या तारखेला, ताबा कधी, आत काय राहणार, थकबाकी कोण भरणार, कर्ज नामंजूर झाले किंवा मालकी हक्कात दोष निघाला तर इसार परत मिळणार का. शेवटचा मुद्दा लिहून मिळेपर्यंत इसार देऊ नका, आणि इसार दिल्याशिवाय मालक पुढे जायला तयार नसेल तर वकिलाला आधी विचारा, एजंटला नाही.